डोंगर टिकेल, पण आतल्यांचं काय?

सकाळच्या लोकलला वांगणीत दारात जागा मिळाली, तर पश्चिमेकडे एकदा बघा. चंदेरीचा सुळका, पुढे नाखिंद, पेब आणि मागे माथेरानचं सपाट डोकं. आपल्यासाठी ही रांग म्हणजे पावसाळ्यातला ट्रेक आणि बाकीचं वर्षभर वाटेत आडवी उभी असलेली भिंत. पनवेल डोंगराच्या पलीकडेच आहे, पण जायचं तर एकतर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून नाहीतर कर्जत-चौकचा वळसा घालून.

या भिंतीला आता भोकं पडली आहेत. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाचा जो फाटा जेएनपीटी बंदराकडे जातो, त्यासाठी बदलापूरजवळच्या बेंडशीळपासून पनवेलच्या बाजूला मोरबेपर्यंत माथेरानच्या डोंगराखालून जुळे बोगदे खोदले गेले. लांबी चार किलोमीटरहून जास्त, प्रत्येकात चार मार्गिका. तिकडे पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गावर वावर्ल्याचा बोगदा झाला, २,६२५ मीटरचा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत इतकी वर्षं सर्वात लांब बोगद्याचा मान १९१६ साली सुरू झालेल्या पारसिककडे होता; तो जेमतेम १.३ किलोमीटर. इगतपुरीला समृद्धी महामार्गाचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा ५ जून २०२५ पासून वापरात आहे. शीळफाटा ते बीकेसी बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ठाणे-बोरिवली, मेट्रो ३... यादी वाढतच चालली आहे. आपली पिढी आयुष्यातला बराच वेळ जमिनीखालून प्रवास करत घालवणार, एवढं नक्की.

या सगळ्या चर्चेत किती मिनिटं वाचणार हे सगळ्यांना पाठ असतं. बोगद्याच्या आत स्फोट झाला तर काय, हा प्रश्न मात्र कोणी काढला की लोक ‘कशाला अभद्र बोलतोस’ म्हणून गप्प करतात. पण ज्या पट्ट्यात आपण राहतो तिथे हा प्रश्न अभद्र नाही, रोजचा आहे. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कंपनीत स्फोट झाला, त्याआधी २६ मे २०१६ ला. दोन्ही वेळा कारखान्यापासून बऱ्याच लांबच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. अंबरनाथ, बदलापूर, तळोजा, सगळीकडे रसायनांचे टँकर फिरतात. त्यातलाच एखादा उद्या माथेरानच्या पोटात शिरणार की नाही, हा खरा विषय आहे. तिथपर्यंत पोचण्याआधी थोडं फिजिक्स करावं लागेल.

लाट बाहेर जाते कुठे?

मोकळ्या मैदानात स्फोट झाला की दाबाची लाट फुगत जाणाऱ्या फुग्यासारखी सगळीकडे पसरते. फुगा मोठा होतो तशी ऊर्जा अधिकाधिक जागेत वाटली जाते आणि झटका झपाट्याने उतरतो. स्फोटशास्त्रात यासाठी घनमुळाचा नियम वापरतात: स्फोटकं आठपट केली, तर तेवढाच झटका दुप्पट अंतरावर जाणवतो. म्हणजे मोकळ्या जागेत अंतर हा आपला फार मोठा मित्र.

बोगद्यात हा मित्र साथ सोडतो. लाट सुरुवातीला फुगते, भिंतींवर आपटते, परत येते, एकमेकीत मिसळते आणि बोगद्याच्या रुंदीच्या काही पट अंतर गेल्यावर सपाट पिस्टनसारखी होऊन दोन्ही टोकांकडे धावते. आता तिला पसरायला जागाच नाही. भिंतींशी घासून जेवढी कमी होईल तेवढीच. यात एक गंमत आहे. खडबडीत, उघड्या खडकाच्या बोगद्यात ही लाट लवकर दमते. गुळगुळीत काँक्रीटचं सुंदर अस्तर असलेल्या बोगद्यात ती जास्त लांब जाते. आणि लाट गेल्यावरही आतला गरम वायू कोंडलेलाच राहतो. त्याला बाहेर पडायला फक्त दोन तोंडं. म्हणून आधी मिलिसेकंदांत संपणारा तडाखा आणि मागोमाग जास्त वेळ रेंगाळणारा दाब, असा दुहेरी मार बसतो.

शिवाय लाट भिंतीवर आपटते तेव्हा भिंतीला जाणवणारा दाब मूळ लाटेपेक्षा जास्त असतो. लाट कमजोर असेल तर दुप्पट. जबरदस्त असेल तर आदर्श वायूच्या गणितात आठपटीपर्यंत.

लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांत बॉम्ब फुटले. तिन्ही बॉम्ब साधारण एकाच घडणीचे होते. दोन गाड्या जमिनीलगतच्या, दोन रुळांच्या रुंद बोगद्यांत होत्या. तिथे सात आणि सहा प्रवासी गेले. तिसरी किंग्ज क्रॉसहून रसेल स्क्वेअरकडे जाणारी, खोलवरच्या साडेतीन मीटर व्यासाच्या नळीत, गाडी आणि भिंत यांच्यात हातभर जागा. तिथे २६ गेले. त्या गाडीत गर्दीही भयंकर होती, त्यामुळे सगळा फरक बोगद्याच्या माथी मारता येणार नाही. पण अरुंद नळीने लाट कोंडून धरली आणि मदत पोचायलाही तिथेच सर्वात त्रास झाला. आणि बोगदा? तो उभाच होता. चार आठवड्यांनी, ४ ऑगस्टला, पिकॅडिली लाइनच्या गाड्या त्याच नळीतून पुन्हा पूर्ण मार्गावर धावायला लागल्या.

मुंबईकरांना लोकलमधले स्फोट नवे नाहीत. १३ मार्च २००३ ला मुलुंड स्थानकात फुटलेला बॉम्ब कर्जतकडे येणाऱ्या लोकलमध्ये होता. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर सात. हे सगळे मोकळ्या आकाशाखाली झाले. डब्याचे पत्रे फाटले आणि वायू बाहेर गेला. बोगद्यात पत्रा फाटला तरी बाहेर पुन्हा भिंतच असते.

कमान उलटी ढकलली तर

आता अस्तराकडे येऊ. इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे कान टवकारावेत. बाकीच्यांनी घाबरू नये, बारावीच्या पुढचं काही नाही.

बोगदा टिकतो कसा? कमानीसारखा. वरचा डोंगर खाली दाबतो, कमान तो भार बाजूंना वळवते आणि अस्तरातलं काँक्रीट दाबाखाली राहतं. काँक्रीटला दाब आवडतो. साध्या एम-३५ काँक्रीटचा ठोकळा एका चौरस मिलिमीटरवर ३५ न्यूटनपर्यंत दाब सोसतो. पण तेच काँक्रीट ओढलं, तर तीनेक न्यूटनला तडकतं. दहावा हिस्सा. शेकडो वर्षं दगडी कमानी उभ्या आहेत त्या याच हिशोबावर: फक्त दाब द्या, ताण देऊ नका.

आतला स्फोट नेमकं उलटं करतो. तो कमानीला आतून बाहेर ढकलतो, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसा. आणि ट्यूबच्या रबरात जो ताण येतो, तोच अस्तरात येतो.

आकडे घालून बघू. मिथेन किंवा एलपीजी हवेत योग्य प्रमाणात मिसळून बंद जागेत पेटलं, तर दाब वातावरणाच्या साधारण आठपट होतो, म्हणजे ०.८ मेगापास्कल. अस्तराची त्रिज्या तीन मीटर, जाडी तीस सेंटिमीटर धरा. पातळ नळीचं सूत्र: दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. उत्तर येतं ८ मेगापास्कल ताण. काँक्रीटची ऐपत तीनची. म्हणजे हे अस्तर एकटं हवेत उभं असतं तर उभं चिरलं असतं. (सळईचा विचार केलेला नाही, स्फोट क्षणभराचा असतो हेही धरलेलं नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे.)

पण अस्तर एकटं नसतं. मागे डोंगर आहे. अस्तर बाहेर ढकललं गेलं की खडक त्याला परत ढकलतो आणि ताणाचा मोठा वाटा स्वतःवर घेतो. बेसॉल्टच्या एका घनमीटरचं वजन साधारण २.८ टन. हिशोब केला तर ०.८ मेगापास्कलचा दाब म्हणजे सुमारे तीस मीटर उंचीच्या खडकाचं ओझं. माथेरानच्या पोटात, डोक्यावर याच्या कितीतरी पट डोंगर असताना असा दाब खडक उचलून फेकू शकत नाही. ही खात्रीची बाजू. तोंडापाशी मात्र डोक्यावर जेमतेम काही मीटर खडक असतो, तोही पावसाने सडलेला, भेगाळलेला. म्हणून बोगद्याचा सर्वात अशक्त भाग सर्वात खोल जागी नसतो, उजेड दिसायला लागतो तिथे असतो. आपल्याला सहज वाटतं त्याच्या हे बरोबर उलट आहे.

या ‘मागे डोंगर आहे’मध्ये एक मोठी अट दडलेली आहे: अस्तर आणि खडक एकमेकांना टेकलेले असले पाहिजेत.

स्फोटाचा तडाखा अस्तरात दाबाच्या लाटेसारखा शिरतो आणि मागच्या पृष्ठभागापर्यंत जातो. तिथे पुढे काय होणार हे मागे काय आहे त्यावर ठरतं. मागे घट्ट काळा पाषाण असेल, जो काँक्रीटपेक्षा जड आणि ताठ आहे, तर लाटेचा बराचसा भाग खडकात निघून जातो आणि जो थोडा परत येतो तोही दाब म्हणूनच येतो. काँक्रीट खूश. मागे भुसभुशीत थर असेल, तर लाटेचा निम्म्याच्या आसपास भाग उलटा होऊन, ताण बनून परत येतो. आणि मागे पोकळी असेल, नुसती हवा, तर जवळपास सगळीच लाट ताण बनून परत फिरते. ताण म्हटलं की काँक्रीटची ऐपत आपण वर पाहिली. मागच्या बाजूने ढलपे सुटतात, चिरा आरपार जातात. बाहेर ढकललं गेलेलं अस्तर नंतर उलट्या झोक्यात आत येतं, त्या वेळी सैल झालेले तुकडे खाली पडायला मोकळे.

आता ही पोकळी येते कुठून? आपल्याकडचे डोंगरी बोगदे बहुतेक सुरुंग लावून, टप्प्याटप्प्याने खोदतात. स्फोट झाला की उघड्या खडकावर लगेच शॉटक्रीट, म्हणजे फवारलेलं काँक्रीट, आणि खडकात खोल ठोकलेले रॉक बोल्ट. हे पहिलं अस्तर खडकाला चिकटून बसतं. नंतर पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा लावतात आणि त्याच्या आत साचा उभारून दुसरं, देखणं अस्तर ओततात. हे दुसरं अस्तर पडद्यामुळे पहिल्याला चिकटलेलं नसतं, नुसतं टेकलेलं असतं. आणि कमानीच्या माथ्यावर, जिथे काँक्रीट खालून वर चढवावं लागतं, तिथे ते थोडं खाली बसतं आणि वर फट राहते. ती नंतर सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने सोडून भरायची असते. याला ग्राउटिंग म्हणतात. कंटाळवाणं, न दिसणारं, फोटोत न येणारं काम. उद्घाटनाला कोणी माथ्यावरची फट बघत नाही. आणि ती नेमकी आपल्या डोक्यावर असते.

फट भरली आहे की नाही हे कळण्याचे मार्ग आहेत. जमिनीत शिरणाऱ्या रडारने अस्तर तपासता येतं. सर्वात जुना मार्ग म्हणजे हातोडीने ठोकून आवाज ऐकणं. बाजारात नारळ घेताना आपण वाजवून बघतो, तोच प्रकार: भरलेला असेल तर आवाज ठस्स, पोकळ असेल तर घुमतो.

यंत्राने खोदलेल्या मेट्रोच्या बोगद्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे कारखान्यात ओतलेले वक्र तुकडे, सेगमेंट, जोडून कडी करतात. बाहेरून दाब असताना हे तुकडे एकमेकांवर आवळून बसतात. आतून दाब आला की सांधे उघडू बघतात आणि भार बोल्टवर येतो. सांधा मिलिमीटरभर उघडून पुन्हा मिटला तर ठीक. पण रबरी गॅस्केट फाटलं आणि वरून समुद्र किंवा खाडी असेल, तर स्फोटानंतरचा खरा शत्रू पाणी. ठाणे खाडीखालच्या बुलेट ट्रेनच्या सात किलोमीटरच्या टप्प्यात आणि माथेरानच्या कोरड्या डोंगरात हा फरक आहे.

सुरुंग आपल्याला नवे नाहीत

एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे सगळे डोंगरी बोगदे जन्मालाच स्फोटातून येतात. बोरघाटातले बोगदे १८५६ ते १८६३ च्या काळात हाताने भोकं पाडून, दारू ठासून फोडले गेले; त्यात मेलेल्या मजुरांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. कर्जतहून लोणावळ्याला जाताना खिडकीतून बघा, काही बोगद्यांत अजूनही उघडा खडक दिसतो. दीडशेहून जास्त पावसाळे पाहिलेला.

पण बेसॉल्ट म्हणजे सगळीकडे एकच दगड नव्हे. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. एक थर घट्ट, काळा, हातोडी उडवणारा. दुसरा बुडबुड्यांच्या खळग्यांनी भरलेला. दोन थरांच्या मध्ये कधी विटेसारखा तांबडा, मऊ पट्टा, ज्याला भूगर्भशास्त्रज्ञ रेड बोल म्हणतात. ट्रेकला कातळात आडवी लाल रेघ दिसते ती हीच. पाणी लागलं की तो फुगतो, सुटतो. एकाच बोगद्यात शंभर मीटरवर अस्तराच्या मागचा जोडीदार बदलू शकतो. त्यामुळे ‘हा बोगदा स्फोट सोसेल का’ या प्रश्नाला अख्ख्या बोगद्यासाठी एक उत्तर नसतं. मीटरामीटराला वेगळं असतं.

बोगद्यातला स्फोट मुद्दाम आणि हिशोबाने कसा घडवतात याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण कोयनेचं आहे. १३ मार्च १९९९ ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला कोयनेच्या जलाशयाला तळातून छेद दिला गेला, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. खालून बोगदा खोदत आणायचा, शेवटी तलावाच्या तळाशी खडकाचं बूच ठेवायचं आणि एका क्षणात ते उडवायचं. अशा कामात बोगद्यात आधीच पाणी भरून त्यावर हवा कोंडून ठेवण्याची पद्धत आहे. ती हवा गादीसारखी दबते. नाहीतर स्फोटाचा आणि घुसणाऱ्या पाण्याचा धक्का थेट पुढच्या दरवाजांवर जाईल. म्हणजे आतल्या स्फोटाला वाट कशी द्यायची, तो कुठे मुरवायचा, हे आपल्या अभियंत्यांना माहीत नाही असं अजिबात नाही.

खोदकाम चालू असताना आसपासच्या गावांची तक्रार असते की सुरुंगाने घरं हादरतात. यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे १९९७ चे निकष आहेत. जमिनीच्या कणांचा कंपनवेग मोजायचा आणि साध्या घरांसाठी तो, कंपनाच्या वारंवारतेनुसार, सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरच्या आत ठेवायचा. कंप जेवढा संथ, तेवढी मर्यादा कडक, कारण संथ कंपाला घरं जास्त डोलतात. तुमच्या गावाजवळ असं काम चालू असेल तर ‘हादरे बसतात’ एवढंच अर्जात लिहू नका. कंपनाच्या नोंदी मागा. आकडा मागितला की समोरच्याचा सूर बदलतो.

टँकरचं काय करायचं?

तर खडक टिकेल. अस्तर, ते नीट टेकलेलं असेल तर, बहुतेक ठिकाणी टिकेल. मग पडतं काय? माथ्यावर टांगलेले पंखे, केबलचे ट्रे, दिवे, फलक, दोन बोगद्यांना जोडणाऱ्या वाटांचे दरवाजे. हे दरवाजे आगीचा विचार करून बनवतात, स्फोटाचा नाही. धूर बाहेर ओढणारे पंखेच पहिल्या तडाख्यात गेले, तर पुढच्या दहा मिनिटांत जे होतं ते स्फोटापेक्षा वाईट. कारण स्फोटामागून आग येते, आणि आगीने काँक्रीटचं वेगळंच नुकसान होतं. आतली ओल वाफ होऊन फुटते आणि पापुद्रे उडायला लागतात. इंग्लिश खाडीखालच्या चॅनल टनेलमध्ये १८ नोव्हेंबर १९९६ ला मालगाडीला आग लागली तेव्हा अस्तराचा बराच भाग असाच ढासळला होता. माँ ब्लां बोगद्यात २४ मार्च १९९९ ला ३९ माणसं गेली. त्या ट्रकमध्ये स्फोटकं नव्हती, पीठ आणि मार्गारिन होतं.

आता जयपूर आठवा. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे अजमेर महामार्गावर एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली, गॅस पसरला, पेटला. जवळपास वीस माणसं गेली, आजूबाजूची वाहनं जळून कोळसा झाली. तो मोकळा रस्ता होता. वायूला वर आकाश होतं, चारही बाजूंना जागा होती. बोगद्यात तोच गॅस पसरला तर तो एलपीजी असल्यामुळे हवेपेक्षा जड, तळाशी साचत, दोन्ही दिशांना लांबत जाईल. ज्वाळा वाहनांच्या अडथळ्यांतून वळसे घेत वेग पकडेल. आणि मघाचा आठपट दाब हा स्फोट बंद जागेत आणि शांतपणे झाला तर; ज्वाळेने आवाजाचा वेग ओलांडला की तो आकडा मागे पडतो.

युरोपने यासाठी बोगद्यांना ए ते ई अशी अक्षरं दिली आहेत. ए म्हणजे काहीही न्या. बी म्हणजे प्रचंड स्फोट घडवू शकणारा माल बंद. सी मध्ये त्याहून कमी स्फोट आणि मोठी विषारी गळती घडवणारा मालही बंद, डी मध्ये मोठी आग लावणाराही. ई मध्ये जवळपास सगळाच धोकादायक माल बाहेर. अक्षर बोगद्याच्या तोंडावर पाटीवर लिहिलेलं असतं, ड्रायव्हरला आधीच कळतं. आपल्याकडे टँकरच्या पाठीवरची पाटी आहे: मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर त्याचा युएन क्रमांक लिहावा लागतो. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. बदलापूर पाइपलाइन रोडला उभं राहून दहा मिनिटं पाट्या वाचा, चांगला अभ्यास होईल. टँकर आपली ओळख सांगतो. बोगद्याने काय चालेल ते सांगायला हवं.

सोपं उत्तर ‘सगळे टँकर बंद करा’ हे आहे, आणि माझ्या मते ते चुकीचं आहे. कारण टँकर हवेत विरत नाही. गुजरातच्या रासायनिक पट्ट्यातून बंदराकडे जाणारा माल बोगद्यात नाही घेतला, तर तो शीळफाट्याच्या गर्दीतून जाईल, नाहीतर बदलापूर-वांगणी-नेरळ-कर्जत या आपल्या दोनपदरी रस्त्यावर येईल. शाळा सुटायच्या वेळी, बाजाराच्या कडेने, वांगणी स्टेशनजवळच्या वस्तीतून, जिथे अनेक अंध कुटुंबं राहतात आणि रोज काठी टेकत रस्ता ओलांडतात. बोगद्यात धोका लहान संख्येला, पण एकदम मोठा. गावातून गेला तर रोज थोडा थोडा, सगळ्यांना. ओईसीडी आणि जागतिक रस्ते संघटना पिआर्क यांनी २००१ मध्ये नेमका हाच हिशोब करायची पद्धत मांडली: बोगद्यातून नेण्याचा धोका आणि पर्यायी रस्त्याने नेण्याचा धोका, दोन्ही आकड्यांत मांडून शेजारी ठेवायचे आणि मग ठरवायचं.

मला विचाराल तर: स्फोटकं आणि दाबाखालचा ज्वालाग्राही वायू दिवसा बंद. रात्री ठरलेल्या वेळेत, पुढे-मागे गाडी ठेवून, दोन टँकरमध्ये अंतर राखून, त्या वेळी त्या नळीत बाकी वाहतूक थांबवून. पेट्रोल-डिझेलला वेगळा नियम, कारण त्यांची मुख्य भीती आगीची, आणि त्यासाठी पाण्याची फवारणी व पंखे उपयोगी पडतात. जुळे बोगदे असल्याचा फायदा असा की एक नळी तासभर अडवली तरी वाहतूक पूर्ण ठप्प होत नाही. याला खर्च आहे, माणसं लागतात, पहाटे दोनला लागतात. म्हणूनच हे आधी ठरवायला हवं, अपघातानंतर नेमलेल्या समितीने नव्हे.

आणि हे ठरलेलं लोकांना दिसलं पाहिजे. धोक्याचा हिशोब मराठीत, बदलापूर, वांगणी आणि मोरब्याच्या ग्रामस्थांना वाचता येईल असा. सोबत माथ्यावरच्या ग्राउटिंगच्या तपासणीचे अहवाल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर वावर्ले आणि बेंडशीळ दोन्ही लोकलच्या पासच्या टप्प्यात आहेत. पहिला प्रश्न एवढाच विचारा: पहाटे दोन वाजता १०७५ ची पाटी लावलेला टँकर बोगद्याच्या तोंडाशी आला, तर त्याला थांबवायला तिथे कोण उभं असेल, आणि तो त्याला कुठल्या रस्त्याने परत पाठवेल?